संघपालची थाळी

चांगुणा शिवशरण शाळेतल्या पोरांना तोंडावरून नव्हे, थाळीवरून ओळखायची. दीडशे पोरांना वाढायचं तर मान वर करून बघायला वेळ कुणाला असतो? समोर येते ती थाळी. कुणाची वाकडी, कुणाची खोलगट, कुणाची आईच्या लग्नातल्या भांड्यांमधली जाड काठाची. काठाची चकाकी बघितली की तिला कळायचं, ही दुसरीतली, हिला डाळ कमी. हा चौथीतला, हा पुन्हा येणार.

चिंचोळी एमआयडीसीच्या पाठीमागे कामगारांची वस्ती आहे, तिथली ही जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. तीन खोल्या, एक लिंब आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. बावीस वर्षं ती त्या पत्र्याखाली भात शिजवत होती. वस्ती म्हणावी तर भाड्याच्या खोल्यांची रांग. कारखान्यात काम असेल तोवर माणसं राहतात, दुसरीकडे मिळालं की टेम्पोत सामान टाकून जातात. दोन वर्षांपूर्वीचा शेजारी कोण होता हे इथं कुणाला आठवत नाही. चांगुणा आणि तिचा नवरा भीमा हे मैंदर्गीहून आले ते मात्र टिकले. तो एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला, ही शाळेत.

या शाळेची एक रीत होती. गुरुबसप्पा गुरुजी म्हणून अक्कलकोटकडचे हेडमास्तर होते. निम्मं कानडी बोलायचे आणि निम्मं ओरडायचे. पहिलीत येणाऱ्या पुष्कळ पोरांकडे थाळीच नसते हे त्यांनी बघितलं आणि ठरवून टाकलं, चौथीतून जाणाऱ्यानं आपली थाळी जूनमध्ये पहिलीत येणाऱ्याला देऊन जायचं. थाळीवर नाव घातलेलंच असायचं. भांड्यांच्या दुकानात टकटक करून घालून देतात ते. घेणाऱ्यानं पहिल्या नावाखाली आपलं नाव घालायचं. आणि रिकामी थाळी द्यायची नाही, काहीतरी गोड वाढून द्यायची. सोळा वर्षांपूर्वी पहिल्यांदा थाळ्या दिल्या त्या पोरांत चांगुणाचा एकुलता एक मुलगा होता, संघपाल.

त्याची थाळी चांगुणा हजारांत ओळखेल. काठाला एक मोठा पोचा होता. घरून शाळेत येताना तो थाळीचं स्टेअरिंग करायचा, तोंडानं गिअर टाकत पळायचा, आणि एकदा वळणावर नळाच्या कट्ट्याला धडकला. कपाळ फुटलं त्याचं काही नाही. ‘आये, गाडी चेपली’ म्हणून रडला. पुढं खरंच गाडी धरली त्यानं. चादरी-टॉवेलचे गठ्ठे घेऊन पुण्याकडे जाणाऱ्या टेम्पोवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. एकोणीस पूर्ण झाले होते. टेंभुर्णीच्या अलीकडे रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकला मागून बसला. सगळे विधी मैंदर्गीला झाले. वस्तीत ज्यांना कळलं ते वर्षा-दोन वर्षांत खोल्या सोडून गेले. गुरुबसप्पा गुरुजी तेवढे भेटायला आले होते, नंतर तेही निवृत्त होऊन गावी गेले.

नवव्या दिवशी चांगुणा कामावर आली. लोकांनी नावं ठेवली असती तर ठेवली असती, पण घरात बसून करायचं काय होतं? रांग लागली. भात वाढायचा डाव चालू होता. आणि समोर पोचा पडलेली थाळी आली.

तेव्हा ती सिद्धराम नावाच्या दुसरीतल्या पोराकडे होती. संघपाल, महिपती, भारत आणि खाली सिद्धराम अशी चार नावं झाली होती. चांगुणानं वाढलं. पोरगं लिंबाखाली बसून खायला लागलं. ती दारात उभी राहून त्याचं शेवटचं शीत संपेपर्यंत बघत राहिली, मागं रांग ओरडत होती तरी.

काही दिवसांनी त्या सिद्धरामनंच विचारलं, “मावशी, ह्यो पैला संघपाल कोन?”

“हाय एक,” ती म्हणाली. “पुन्याला असतो. कंपनीत.”

खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. पण खरं सांगितलं तर काय होणार ते तिला ठाऊक होतं. पोरगं घरी सांगणार, आई दुसऱ्या दिवशी थाळी बदलून देणार. मेलेल्याच्या ताटात आपलं लेकरू कोण जेवू देईल? शहाणीसुरती बाईसुद्धा देणार नाही. मग ती थाळी मोडीत जाणार. त्यापेक्षा पुण्याला असू दे. करोनात शाळा बंद होती तेव्हा गोळा केलेल्या थाळ्या पोत्यात पडून होत्या. दर आठवड्याला ती शाळा झाडायच्या निमित्तानं जायची, पोतं उघडायची, एकच थाळी पुसायची आणि पोतं बांधून यायची.

सिद्धरामनंतर ती थाळी प्रतिक्षाकडे आली.

ही पोरगी म्हणजे चांभारचौकशा. बाप कोल्डस्टोरेजमध्ये, आई टॉवेलच्या कारखान्यात शिवणीला, घरात दुसरं मूल नाही, मग सगळे प्रश्न शाळेत. “मावशी, संघपालदादा दिसायला कसा आहे? लग्न झालंय का? गाडी आहे का?” चार वर्षं रोज एकेक. आणि चांगुणा उत्तरं देत गेली. हो, गाडी हाय. लाल. चष्मा लागला औंदा. लगीन न्हाय अजून, पोरी बघत्यात. कधी कधी तर प्रतिक्षानं न विचारताच सांगायची, “त्याला की न्हाय, भाताची खरवड लई आवडती.” ती बोलत असताना तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होऊन पुण्याला राहत होता. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

“तुमचा कोण लागतो?” प्रतिक्षानं एकदा विचारलं होतं.

“वळखीचा हाय,” चांगुणा म्हणाली, आणि त्या दिवशी डाळीत दोनदा मीठ पडलं.

यंदा शाळेत राजश्री मॅडम बदलून आल्या. चांगल्या बाई. तरुण, कामसू, डोक्यात सतत काहीतरी नवीन. एप्रिल लागला तसा चौथीच्या वर्गात नुसता गोंधळ सुरू झाला. भिंतीवर पहिलीत घेतलेल्या उंचीच्या खुणा होत्या, त्यांच्या वर नवीन खुणा झाल्या. प्रत्येकानं एक वही करायची, तीत सगळ्यांनी एकमेकांबद्दल एक खरं आणि एक चांगलं वाक्य लिहायचं. त्यावरून तीन भांडणं झाली. ग्रुप फोटो झाला. पाचवीला हायस्कुलात जायचं म्हणून सगळे उगाच मोठ्यानं बोलायला लागले. आणि मॅडमनी थाळ्यांची रीत बघून एक उपक्रम काढला. आपल्या थाळीवरचं पहिलं नाव ज्याचं, त्याला पत्र लिहायचं. पत्ता शोधायचा. निरोप समारंभाला त्याला बोलवायचं. त्याच दिवशी पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावाही होता. म्हणजे पहिलं नाव, शेवटचं नाव आणि पुढचं नाव एका ओळीत बसणार. कागदावर किती छान दिसतं!

दुसऱ्या दिवशी प्रतिक्षा चार घड्या घातलेला कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

“मावशी, पत्ता द्या.”

“कुनाचा?”

“कुणाचा काय! संघपालदादाचा. पुण्याचा.”

चांगुणानं पदराला हात पुसले. पुसलेले हात परत पुसले. “पत्ता माज्या ध्यानात न्हाय. दे हिकडं, मी देती पोचवून.”

“नक्की?”

“व्हय.”

“शप्पथ?”

“अगं दे की! भात लागतोय खाली.”

चांगुणा तिसरीपर्यंत शिकलेली. छापील अक्षर लागायचं, हातचं लागत नसे. संध्याकाळी भीमा कामावरून आला तसा तिनं कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“प्रिय संघपालदादा, सा. न. वि. वि. तू मला ओळखत नाहीस. पण मी रोज तुझ्या थाळीत जेवते. तुझ्या नावातला घ घासून घासून पुसट झालाय, मी बोट फिरवून वाचते. काठाला पोचा आहे तो तू पाडलास का? आई मला रागावते. मी सांगते मी नाही पाडला…”

भीमा थांबला. “त्यानंच पाडला,” कागदाकडे बघत म्हणाला. मग चष्मा काढून पुसला आणि पुढचं जरा हळू वाचलं.

“चांगुणामावशी सांगतात तुला खरवड आवडते. मलापण आवडते. तू शाळेत असतास तर आपलं भांडण झालं असतं. चोवीस तारखेला निरोप समारंभ आहे. तुझी खुर्ची माझ्या शेजारी ठेवली आहे. सुट्टी काढून ये. मला भाऊ नाही. मी सगळ्यांना सांगितलंय की तू लाल गाडीवर येणार. तुझी थाळीबहीण, प्रतिक्षा.”

बाहेर शेजारच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

“लाल गाडी कुनी सांगितली?” भीमानं विचारलं.

तिनं भाकरीची परात पुढं ओढली.

“चांगुणे, सांगून टाक त्या पोरीला.”

“आनि थाळी?”

“थाळीचं काय घेऊन बसलीस!”

“तुमाला काय कळतंय?” ती उसळली. “तुमी फाटकावर बसता दिसभर. मी वाढती त्याला. रोज वाढती. साडेसा वर्सं झाली, शाळा उघडी आसली की एक दीस चुकला न्हाय. सांगितलं की संपलं.”

भीमानं कागद घडीवर घडी घालून परत दिला. “मी बी बाप हाय,” एवढंच म्हणाला, आणि भाकरी न खाताच बाहेर बाजेवर जाऊन बसला.

आणि एवढं होऊनही चांगुणानं तिची सगळ्यात मोठी चूक त्यानंतर केली. प्रतिक्षा रोज विचारायची, “पोचलं का? काय म्हणाला?” पहिल्या दिवशी ‘पोचलं’. दुसऱ्या दिवशी ‘कामात हाय’. तिसऱ्या दिवशी पोरीचं तोंड इतकंसं झालं, आणि चांगुणा बोलून गेली, “येतो म्हनलाय.”

प्रतिक्षा ओरडतच वर्गाकडे पळाली. आता तोंडातून गेलेलं परत घेता येत होतं का? येत होतं. अजून पाच दिवस होते. पण माणूस अशा वेळी पाच दिवस नुसता भांडी घासत काढतो, आणि चांगुणानंही तेच केलं.

चोवीस तारखेला सकाळी दहालाच पत्रा तापला होता. लिंबाखाली मांडव, त्यात खुर्च्यांच्या ओळी, प्रत्येक खुर्चीवर पुठ्ठ्याची पाटी. चांगुणानं मसालेभात केला, शिरा केला. स्वयंपाकघराच्या दारातून तिला तिसऱ्या ओळीतली पाटी दिसत होती. स्केचपेननं रंगवलेली, कोपऱ्यात लाल मोटरसायकल. ‘संघपालदादा’.

लोक येत होते. कुणाची ताई कडेवर बाळ घेऊन आली. कुणाचा दादा कारखान्याच्या गणवेशातच, अर्ध्या तासाची सुट्टी काढून. मोठाली माणसं आपली जुनी थाळी हातात घेऊन खुळ्यासारखी हसत होती. मॅडमनी कार्यक्रम अर्धा तास लांबवला, कारण सगळे आले होते, एक सोडून. प्रतिक्षा फाटकाशी उभी. लाल गाडी दिसली की पायाच्या बोटांवर उभी राहायची. दोन लाल गाड्या गेल्या.

“अगं, ये आता,” तिची आई म्हणाली. “ट्रॅफिक असेल.”

“पुण्याहून ट्रॅफिक?” प्रतिक्षा म्हणाली.

एकेक जण पुढं येऊन बोलायचा, शिरा भरलेली थाळी छोट्याच्या हातात द्यायचा, टाळ्या. प्रतिक्षाचा नंबर आला तेव्हा तिच्या एका बाजूला रिकामी खुर्ची होती आणि दुसऱ्या बाजूला ऋतुजा नावाची सहा वर्षांची मुलगी, दोन शेंड्या, आईचा हात घट्ट धरलेली. प्रतिक्षानं माइक धरला. पाठ केलेलं भाषण तिनं केलंच नाही.

“सगळ्यांचे आले. माझा नाही आला. येतो म्हणाला होता. तो शाळेत जेवला आणि आता मोठा झाला, त्याला कंपनी आहे, गाडी आहे, त्याला कशाला शाळा पाहिजे? मला तो आवडत नाही.” तिचा आवाज फाटला. “मॅडम, ही थाळी मी ऋतुजाला देते. पण त्याचं नाव खोडून द्या. तो विसरला तर आपण कशाला त्याचं नाव ठेवायचं?”

कुणीतरी हसलं. मॅडम “अगं बाळा” म्हणत उठल्या.

चांगुणा दारात होती. थाळी गेली असती तरी चाललं असतं, हे तिला त्या क्षणी कळलं. नाव जायला नको होतं. हातात डाव तसाच, शिरा खाली ठिबकतोय, ती मांडवातून चालत पुढं आली. माइकजवळ गेली नाही, तिला माइकची गरजही नव्हती.

“नाव नगं खोडू, पोरी. त्यो इसरला न्हाय.”

“मग आला का नाही?”

“त्यो न्हायच गं.” चांगुणा म्हणाली. “साडेसा वर्सं झाली. टेंभुर्णीपाशी गाडी बसली त्याची. पुन्याला बिन्याला कुटं न्हाय त्यो. मी खोटं सांगितलं तुला, सगळं खोटं. गाडी बी, चष्मा बी. माझा ल्योक हाय त्यो. माझा हाय.”

प्रतिक्षानं माइक खाली केला. “खरवड?” तिनं विचारलं.

“ती खरी हाय.”

मग जे होईल म्हणून चांगुणा साडेसहा वर्षं भीत होती तेच झालं, आणि अगदी साधेपणानं झालं. ऋतुजाच्या आईनं पोरीला जवळ ओढलं. वाईट बाई नव्हती ती. वाईट असती तर बरं झालं असतं, चांगुणाला निदान तिच्यावर रागावता आलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात पोरीच्या डोक्यावर. “मावशी, राग मानू नका हो,” ती म्हणाली. “तसं काही नाही. पण लेकराची सुरुवात आहे… घरी सासूबाई आहेत… दुसरी कुठली थाळी असेल तर…”

राजश्री मॅडम रडत होत्या. रडत रडतच कपाटातून नवीन कोरी थाळी घेऊन आल्या. माझ्यामुळे झालं, मला माहीत नव्हतं, असं काहीबाही म्हणत होत्या. त्यांचा दोष नव्हता. ऋतुजानं कोरी थाळी घेतली, शिरा घेतला. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना कळेना. कुणी वाजवल्या, कुणी नाही.

पोचा पडलेली थाळी टेबलावर राहिली, भरलेली.

“प्रतिक्षा, ठेव तिथंच. चल,” तिची आई हळूच म्हणाली. चार वर्षं त्याच थाळीत जेवलेल्या पोरीची आई.

प्रतिक्षानं ऐकलं नाही. ती थाळी घेऊन खाली सतरंजीवर बसली आणि शिरा खायला लागली. नाक वाहत होतं, मनगटानं पुसत होती आणि खात होती. माफी मागितली नाही. शिरा संपला तशी उठून स्वयंपाकघरात आली.

“खरवड आहे?”

चांगुणानं भाताचं पातेलं तिरकं केलं, उलथन्यानं बुडाशी लागलेलं सगळं खरवडून थाळीत टाकलं. पोरीनं ते उभ्या उभ्या खाल्लं. मग नळावर जाऊन थाळी घासली, राखेनं, दोन्ही बाजूंनी. नंतर मांडवात जाऊन तिसऱ्या ओळीतल्या खुर्चीवरची पाटी काढली आणि थाळीत ठेवली.

“रिकामी द्यायची नसते ना,” म्हणाली. “माझ्याकडे दुसरं काही नाही.”

फाटकातून आईनं हाक मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा ती गेली. तिनं मागं वळून बघितलं असेल, नसेलही. चांगुणाच्या डोळ्यांना तेव्हा काही धड दिसत नव्हतं.

जूनमध्ये शाळा भरली. रांग लागली. ऋतुजा पहिल्याच दिवशी समोर आली, तिच्या कोऱ्या थाळीवर एकच नाव, एवढं चकचकीत की ऊन चांगुणाच्या डोळ्यांत गेलं. तिनं वाढलं. पोरीला डाळ जास्त लागते हेही चार दिवसांत तिच्या लक्षात आलं. लेकराचा काय दोष? पण चौथीची रांग संपली की डाव हातात घेऊन ती आणखी थोडी उभी राहायची. पोरं म्हणायची, “मावशी, संपली लाइन.” मग ती डाव पातेल्यात टाकायची.

थाळी घरी फळीवर उभी करून ठेवलेली आहे, तिच्यापुढं ती पाटी. एकदा जेवायला बसताना भीमा बराच वेळ तिकडे बघत होता.

“मी जेवू का त्यात?” त्यानं विचारलं.

“नगं,” चांगुणा म्हणाली. “पोराच्या मापाची हाय ती. तुमचं पोट न्हाय भरायचं.”

आणि तिनं त्याचं नेहमीचं ताट त्याच्यापुढं सरकवलं.